खालच्या मजल्यावरची मावशी

कुंडी सरकवली की सर्रकन पळते, चमकते, आणि आपली किंकाळी निघते... ती साप नसते! पेव्हर ब्लॉक आणि पेस्ट कंट्रोलच्या जमान्यात सोसायटीच्या मागच्या बोळात गुपचूप राहणाऱ्या एका नॉन-पेइंग गेस्टची ही गोष्ट.

"साप! अहो, साप आहे इथे!"

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता पुण्यातल्या सोसायटीत कुणी एवढ्या वरच्या पट्टीत ओरडलं, तर कारणं दोनच असू शकतात. एकतर टाकीतलं पाणी संपलंय, नाहीतर खरंच साप निघालाय. मी दुसऱ्या मजल्यावर. हातात कॉफीचा मग, डोक्यात सोमवारची डेडलाइन, अंगात कालचाच टी-शर्ट. तशीच स्लिपर्स सरकवून खाली पळाले.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. खाली सीन एकदम हाऊसफुल्ल! पहिल्या मजल्यावरच्या काकू जास्वंदाची कुंडी अर्धवट सरकवून पाच फूट लांब उभ्या. सेक्रेटरी काका वायपर घेऊन सज्ज. वॉचमनच्या हातात काठी. आणि दोन शाळकरी पोरं मोबाइलवर शूटिंग करतायत. कुंडीखालच्या ओल्या मातीत, विटेच्या तुकड्याला चिकटून, बोटाएवढं काहीतरी होतं. अंग काळपट, त्यावर फिकट पिवळ्या रेघा, आणि शेपटी लालभडक. म्हणजे नेलपेंटच्या शेडकार्डवर शेवटचा लाल असतो ना, जो घेऊ की नको असं आपण तीन वेळा म्हणतो, अगदी तो.

"पिल्लू आहे. म्हंजे मोठा पण हितंच असणार कुठंतरी," वॉचमन म्हणाला. या एका वाक्यावर सगळे अजून एक पाऊल मागे.

सर्पमित्राला फोन गेला. तो अर्ध्या तासात बाइकवर हजर. आला, वाकला, बघितलं आणि हसायलाच लागला. गाडीला अडकवलेली स्टिकसुद्धा काढली नाही त्याने. "सापसुरळी आहे हो काका. पाय बघा की तिचे."

आम्ही पाय बघितले. खरंच की! चार. इतके इवलेसे, की देवाने शेवटच्या क्षणी आठवण झाली म्हणून चिकटवल्यासारखे. ती बया मात्र आमची चर्चा पूर्ण व्हायची वाट बघत थांबली नाही. पाय अंगाला घट्ट मिटून घेतले, अंगाला दोन वळसे दिले आणि विटेखाली गडप. शो संपला. मी वर आले तेव्हा कॉफी गार झाली होती आणि डोक्यातली डेडलाइन भलतीच झाली होती.

साप डोळा मारत नाही

पहिल्यांदा ओळख करून देते, कारण माझेही फंडे तोपर्यंत क्लिअर नव्हते. सापसुरळी म्हणजे सरड्या-पालींच्या खानदानातली. इंग्रजीत स्किंक. सरड्यांच्या कुळांमध्ये हे सगळ्यांत मोठं कूळ मानलं जातं, जगभरात मिळून सतराशेहून जास्त जाती. म्हणजे आपल्याला वाटतं ही कुणीतरी चुकून आलेली ऑड वन आऊट आहे, आणि प्रत्यक्षात नातेवाईकांचा गोतावळा बघितला तर चुकून आल्यासारखे आपणच.

आमच्या कुंडीखालची जी होती तिचं शास्त्रीय नाव रिओपा पंक्टाटा. जुन्या पुस्तकांत ती लायगोसोमा या नावाखाली सापडते. पंक्टाटा म्हणजे ठिपकेवाली. मोठी झाली की अंगावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी दिसतात, पाठ सोनेरी-तपकिरी होते, दोन्ही बाजूंनी एकेक फिकट पट्टा. शेपटीसकट जेमतेम वीतभर. लाल शेपटीची ऐट लहानपणीच जास्त असते, वय वाढलं की रंग उतरत जातो. (नो कॉमेंट्स.)

पुण्या-मुंबईच्या बागांमध्ये तिच्या अजून दोन बहिणी हमखास भेटतात. एक छोटी, कांस्याच्या भांड्यासारख्या रंगाची, गवतातून सुळसुळ जाणारी. तिच्या नराच्या गळ्याला आणि कुशीला विणीच्या दिवसांत लालसर-केशरी रंग चढतो. दुसरी चांगली दणकट, फूटभराच्या आसपास पोचणारी, कंपाउंड वॉलवर ऊन खात बसणारी. तिच्या खवल्यांवर बारीक कंगोरे असतात. आपण ज्या सापसुरळीला बघून उडी मारतो ती बहुतेक वेळा ही मोठी असते. ठिपकेवाली लाजाळू. ती कुंडीखाली, विटांखाली, पाचोळ्यात. तिला बघायचं तर काहीतरी उचलावं लागतं.

मग साप की सापसुरळी हे ओळखायचं कसं? सर्पमित्राने काकांना सांगितलेली टिप एकदम झकास होती. "काका, ती डोळे मिटते का बघा. साप कधी डोळा मारत नाय." जोक नाही, शास्त्र आहे. सापाला पापण्या नसतात, सापसुरळीला उघडझाप करणाऱ्या पापण्या असतात. डोळ्यामागे कानाचं छोटं भोकही दिसतं, सापाला ते नसतं. आपल्या घरातल्या पालीलासुद्धा पापणी नसते, ती बिचारी जिभेने डोळा पुसते. सापसुरळीचं अंग तेल लावल्यासारखं चकचकीत का दिसतं, तर खवले एकमेकांवर कौलांसारखे घट्ट बसलेले असतात, आणि प्रत्येक खवल्याच्या आत हाडाच्या बारीक चकत्या. म्हणजे बाहेरून सिल्क, आतून चिलखत. मातीत, खडीत, भेगांमध्ये घुसणाऱ्या प्राण्यासाठी यापेक्षा भारी ड्रेस डिझाइन होऊच शकत नाही.

मावशी कुणाची, बदनामी कुणाची

"तरी पण विषारी असतेच," सर्पमित्र गेल्यावर काकूंनी निकाल दिला. "आमच्याकडे सापाची मावशीच म्हणतात तिला. मावशी झाली म्हणजे थोडं तरी असणारच ना!"

हे लॉजिक मला आवडलं, पण चूक आहे. आपल्याकडे सापसुरळीत विष नाही. भारतातल्या एकाही पालीत, सरड्यात, सापसुरळीत माणसाला धोका होईल असं विष नाही. ज्यांच्या चाव्याला खरंच घाबरायला हवं असे विषारी सरडे, गिला मॉन्स्टर वगैरे, ते राहतात तिकडे अमेरिका-मेक्सिकोच्या वाळवंटात. आमची ठिपकेवाली चावायच्या भानगडीत सहसा पडतच नाही. तिचं तोंड उघडून उघडणार किती? त्यात एखादा रातकिडा मावला तरी तिची मेजवानी.

माझी फ्लॅटमेट त्रिशूरची. तिला संध्याकाळी हा किस्सा सांगितला तर ती सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. त्यांच्याकडे सापसुरळीला अरणा म्हणतात आणि ती चावली की माणूस खलास, अशी जुनी समजूत आहे. "मग रोज माणसं मरत असतील की," मी म्हटलं. "नाही ना," ती म्हणाली, "कारण ती चावायला निघते आणि वाटेत विसरून जाते!" विसरभोळ्या माणसालासुद्धा त्यांच्याकडे अरणाची उपमा देतात म्हणे. काय ग्रेट समजूत आहे बघा. अनुभव सांगतोय की ही कुणालाच चावत नाही, पण भीती सोडायची तयारी नाही, मग मध्ये विसरभोळेपणा घालून दोन्ही सांभाळलं. आमच्या मावशीची आणि त्यांच्या अरणाची बदनामी एकाच कारखान्यातून निघालीय, एवढं नक्की.

यात हसण्यासारखं बरंच असलं तरी या समजुतीची किंमत तीच मोजते. पाल भिंतीवर दिसली तर आपण 'शुक शुक' करतो. सापसुरळी दिसली की काठी. आणि तिच्याकडे काठीवर एकच उत्तर आहे.

शेपटी गेली तरी चालेल...

ती लाल शेपटी शोभेची नाही. ती आमिष आहे. मांजर असो, भारद्वाज असो, खंड्या असो, झडप घालणाऱ्याची नजर आधी भडक रंगावर जाते. झडप शेपटीवर पडली की सापसुरळी शेपटी सोडून देते. अक्षरशः सोडते. शेपटीच्या मणक्यांमध्ये आधीपासूनच तुटायच्या जागा ठरलेल्या असतात, नोटपॅडच्या कागदाला टोचून ठेवलेलं असतं तशा. तिथे स्नायू आवळले की तुकडा पडतो आणि पडलेला तुकडा काही मिनिटं वळवळत राहतो. शिकारी त्या वळवळीत गुंतलेला असताना बाकीची मावशी भिंतीच्या भेगेत पोचलेली असते.

सुपरहिरो टाइप वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण थोडं वाचलं आणि मूड गेला. कारण शेपटीत तिची चरबी साठवलेली असते. ती तिची एफडी आहे. अन्न कमी मिळेल त्या दिवसांची, अंडी घालण्याच्या दिवसांची बेगमी. ती तोडायची म्हणजे मुदतीआधी मोडलेली ठेव. शेपटी परत येते, हे खरं. पण नव्या शेपटीत हाडांचे मणके नसतात, आत नुसती कूर्चेची कांडी. रंग वेगळा, चमक कमी, आणि बऱ्याचदा आखूड. ती वाढवायला लागणारं खाणं तिने स्वतःच्या वाढीतून, अंड्यांच्या वाट्यातून काढलेलं असतं. शिवाय त्या नव्या तुकड्यात ठरलेल्या जागाच नसल्याने पुढच्या वेळी शेपटी आणखी वरून तोडावी लागते.

म्हणजे कुणीतरी नुसतं घाबरवण्यासाठी झाडू आपटला आणि 'मारलं काही नाही हो, पळवलं फक्त' म्हणत हात झटकले, तरी तिचं वर्षभराचं सेव्हिंग गेलेलं असू शकतं.

पत्ता : बी विंगच्या मागे

त्या रविवारनंतर मला छंदच लागला. वर्क फ्रॉम होम असल्याचा एक फायदा असतो, सकाळी दहा वाजता तुम्ही कंपाउंडमध्ये उकिडवे बसून विटेखाली बघताय तरी बॉसला कळत नाही. (सोसायटीला कळतं. तो वेगळा विषय.)

आमच्या बी विंगच्या मागे, इमारत आणि कंपाउंड वॉल यांच्यामध्ये, सहा-सात फुटी बोळ आहे. तिथे कुणी जात नाही. एक आंबा, एक बकूळ, एक कुणी लावला ते आठवत नसलेला कढीपत्ता. बांधकामाच्या वेळच्या उरलेल्या विटा. फुटकं सिंक. कुणाच्या तरी मुंजीतल्या नारळाच्या करवंट्या. एसीच्या पाइपातून टिपटिप पडणारं पाणी. आणि या सगळ्यावर पाचोळा, घोट्यापर्यंत. आपल्या भाषेत अडगळ. सेक्रेटरी काकांच्या भाषेत 'न्यूसन्स'. आणि सापसुरळीच्या भाषेत, मला वाटतं, टू बीएचके विथ ऑल अॅमेनिटीज.

कसं ते बघा. तिला अंगची ऊब नाही. शरीर गरम करायचं तर बाहेरून, गार करायचं तरी बाहेरूनच. सकाळचं ऊन बोळाच्या तोंडाशी तासभर पडतं, त्या वेळी ती पाचोळ्याच्या वरच्या थरात सरकते. ऊन चढलं की चार इंच खाली, आणि दुपारी थेट विटेखालच्या ओलाव्यात. आपण एसीचा रिमोट शोधत घर पालथं घालतो, ती चार इंच वर, चार इंच खाली करून टेंपरेचर सेट करते. पाचोळा हा तिचा रिमोट! तो काढला की वर तापलेली जमीन आणि खाली काहीच नाही.

खाणंही तिथेच. पाचोळा कुजतो म्हणून त्यात किडे येतात, किडे येतात म्हणून ती येते. रातकिडे, झुरळांची पिल्लं, वाळवी, कोळी, अळ्या... जीभ बाहेर काढून वास घेत घेत ती पाचोळ्यात शिरते, पानं हलताना दिसतात, ती दिसत नाही. मग एकदम खसकन आवाज. कुणीतरी गेलं! एकदा तिने झुरळाचं बऱ्यापैकी मोठं पिल्लू पकडलं आणि विटेवर दोनदा आपटून गिळलं. काकूंना हे आवर्जून सांगितलं. झुरळाच्या उल्लेखाने त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मावशीबद्दल थोडा आदर दिसला.

अंड्यांचं गणितही याच ओलाव्यावर चालतं. तिची अंडी कोंबडीच्या अंड्यासारखी टणक नसतात, मऊ कवचाची असतात आणि मातीतला ओलावा शोषून घेतात. माती फार कोरडी झाली की संपलं. एसीचं ते टिपटिप पाणी, ज्यावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याचं दोन वर्षं भांडण चालू आहे, ते तिच्या बाळंतिणीच्या खोलीचं पाणी असेल, कुणी सांगावं!

अजेंडा नंबर चार

जानेवारीत सोसायटीची मीटिंग लागली. अजेंडा नंबर चार : 'मागील बाजूस पेव्हर ब्लॉक बसवणे व परिसरात पेस्ट कंट्रोल फवारणी करणे.' कारण? 'सर्पसदृश प्राण्यांचा वावर.' सर्पसदृश! व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याच्याखाली अकरा अंगठे.

इथे एक कबुली देते. हाच विषय वर्षभरापूर्वी आला असता तर बारावा अंगठा माझा असता. माझी स्कूटर ठेवायला जागा नाही, पावसाळ्यात मागे चिखल होतो, आणि पेव्हर ब्लॉक दिसतात छान. आपल्या पिढीला 'क्लीन लुक' आवडतो. आपल्या फोनपासून आपल्या किचनपर्यंत सगळं गुळगुळीत, एका रंगाचं, कोपरे नसलेलं हवं असतं. आणि सापसुरळी नेमकी कोपऱ्यात राहते.

तरी मी हात वर केला. फार भारी भाषण वगैरे झालं नाही, आधीच सांगते. मी म्हटलं, ती विषारी नाही. काका म्हणाले, "लहान मुलांचं घर आहे." मी म्हटलं, ती किडे खाते. ते म्हणाले, "मग पेस्ट कंट्रोल कशाला करतोय आपण!" मी म्हटलं, तेच तर म्हणतेय, फवारलं की किडे मरणार, मेलेले आणि अर्धमेले किडे ती खाणार, आणि ती उपाशी राहिली नाही तर विषाने जाणार. यावर एक शांतता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "पण उद्या खरंच साप आला तर?" हा प्रश्न खरा होता. मण्यार आणि कवड्या सापसुरळ्या खातात, हे मला माहीत होतं. लपवण्यात अर्थ नव्हता. मी एवढंच म्हटलं की कचऱ्याची बादली उघडी राहिली की उंदीर येतात, आणि नाग-घोणस उंदरांमागे येतात, तेव्हा आधी बादलीचं झाकण बघू या. आजोबांनी मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळा आला म्हणून, कळलं नाही.

पाचोळ्याचा मुद्दा मात्र मी सोडला नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे पानगळ होते, माळीमामा खराट्याने सगळं गोळा करतात आणि संध्याकाळी कोपऱ्यात पेटवून देतात. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ साली देशभर बंदी घातली, साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५,००० रुपये भरपाई ठरवली, हे मी सांगितलं. ५,००० म्हटल्यावर खजिनदार काका पहिल्यांदा पेन खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले. पुण्यातच 'ब्राउन लीफ' नावाचा एक ग्रुप आहे, ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना गच्चीवरच्या बागेसाठी हवा आहे त्यांची तो गाठ घालून देतो. म्हणजे आपण जे जाळतो ते दुसऱ्या कुणीतरी पोत्यात भरून घरी न्यायला तयार असतं! यावर काकूंनी अनपेक्षितपणे साथ दिली. "माझ्या कुंड्यांना हवाच आहे तो. खाली कशाला देता कुणाला?"

अजेंडा नंबर चारवर मतदान झालंच नाही. पेव्हरचं कोटेशन अपेक्षेपेक्षा बरंच जास्त आलं होतं, त्यामुळे विषय 'पुढील सभेत' गेला. तत्त्वाचा विजय वगैरे काही नाही. बजेटचा विजय.

नाव पुण्याचं, गाव पुण्याचं

या सगळ्या वाचनात मला एक गोष्ट सापडली आणि दोन दिवस मी भेटेल त्याला ती सांगत सुटले. १९७० साली आर. सी. शर्मा या प्राणिशास्त्रज्ञाने पुण्यात मिळालेल्या नमुन्यावरून सापसुरळीची एक नवीन जात जाहीर केली. तिचं नाव ठेवलं युमेसिस पूनाएन्सिस. आता तिला युरिलेपिस पूनाएन्सिस म्हणतात. पूनाएन्सिस, म्हणजे पुण्याची! पुणेरी पगडी, पुणेरी पाटी आणि पुणेरी सापसुरळी. पहिल्या दोघींचे फोटो गल्लोगल्ली मिळतात. तिसरीच्या नोंदी मोजक्याच.

१९७० चं पुणं डोळ्यांसमोर आणून बघा. कोथरूडात शेतं होती, पौड रोड म्हणजे गावाबाहेर, बाणेर-पाषाण म्हणजे सहलीची जागा. टेकड्यांच्या पायथ्याचं गवत आणि खडक सरळ वस्तीपर्यंत उतरत होते. तिथे आज मी राहते. आणि बहुतेक तुम्हीही. मी ज्या फ्लॅटमध्ये बसून हे टाइप करतेय त्याच्या पार्किंगखाली काय होतं, हे मला कुणी सांगू शकणार नाही.

आमची ठिपकेवाली तशी दुर्मीळ नाही. देशभरात आढळते, बागेत जुळवून घेते, उद्या संपेल असली भीती नाही. पण कॉमन म्हणजे सगळीकडे आपोआप असते असं नाही ना. ती ज्या बोळात असते त्या बोळापुरतीच असते. बोळ गेला की तिथली गेली. पंख नाहीत, पालीसारखे भिंतीवर चिकटणारे पाय नाहीत, आणि पुढच्या सोसायटीपर्यंतचा डांबरी रस्ता तिच्या पायांच्या मानाने केवढा, विचार करा!

म्हणून मग आम्ही काय केलं

फार काही नाही. मे महिन्यात कमी बजेटचं दुसरं कोटेशन आलं. आता पेव्हर ब्लॉकची अडीच फुटी पायवाट इमारतीच्या बाजूने झालीय, मीटर रूमपर्यंत. कंपाउंड वॉलकडची पट्टी मातीची राहिली. मी दोन्ही बाजूंना थोडं थोडं नाराज केलं, म्हणजे तडजोड बरी जमली असावी. फवारणी मागच्या बाजूला बंद, घरात झुरळांसाठी जेल. विटा आणि करवंट्या माळीमामांनी रचून ठेवल्यात, सिंक मात्र गेलं. ते मला स्वतःलाच बघवत नव्हतं.

तुमच्याकडे तळमजल्याला हातभर माती असेल तर ट्राय करायला हरकत नाही. पाचोळा झाडाच्या बुंध्याशी राहू द्या. एखादा चपटा दगड किंवा जुनं लाकूड असं ठेवा की त्याचं एक टोक सकाळच्या उन्हात येईल. कुंड्यांच्या बशीत पाणी असतंच, फक्त डासांसाठी दोन दिवसांनी बदला. कुंडी उचलताना पलीकडच्या बाजूला न ढकलता आपल्याकडे कलती करा, म्हणजे जी कोण खाली असेल तिला पळायची दिशा आणि तुम्हाला बघायला अंतर मिळतं. हात घालण्याआधी बघा, कारण विटेखाली विंचूही असू शकतो, उगाच हिरोगिरी नको. आणि घरात मांजर असेल तर सकाळचे दोन तास तिला आत ठेवा. मांजरप्रेमींनो, मला शिव्या घाला, पण आमच्या बोळातल्या दोन आखूड शेपट्यांमागे मला ए विंगचं मांजर दिसतंय. तुम्ही सातव्या मजल्यावर असाल तर मात्र सॉरी, बाल्कनीत कितीही पाचोळा साठवलात तरी ही येणार नाही. तिला लिफ्ट लागत नाही.

पहिला मोठा पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. रात्रभर. सकाळी पावणेसातला माझा फोन वाजला. सेक्रेटरी काका. ते तळमजल्यावर राहतात.

"झोपली होतीस का?"

"नाही काका, बोला," मी झोपेत म्हटलं.

"ती तुझी मावशी आमच्या बाथरूममध्ये आलीय. बादलीमागे बसलीय. काकू किचनच्या ओट्यावर चढून बसलीय. चहा व्हायचाय अजून. ये आणि घेऊन जा."

मी सुपली, वर्तमानपत्र आणि एक जुना प्लास्टिकचा डबा घेऊन खाली गेले. ठिपकेवालीच होती, पूर्ण वाढलेली, सोनेरी, शेपटी मूळची, अखंड. मी वर्तमानपत्र तिच्यासमोर सरकवलं आणि सुपली मागून आणायला लागले. काका दाराआडून डोकावत होते. हातात तोच तो वायपर.

"हळू," ते कुजबुजले. "शेपटी तुटेल तिची."